शांत झालेले पिल्लू रात्री पुन्हा रडू लागते तेव्हा

नवीन पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन रात्री ते रडणार, याची तयारी बहुतेक घरांनी मनाशी केलेली असते. कोणीतरी त्याच्याशेजारी अंथरूण टाकते, रात्री दोन-तीनदा उठते, आणि चौथ्या-पाचव्या रात्री पिल्लू सकाळपर्यंत शांत झोपते. मग सहाव्या किंवा आठव्या रात्री, वरकरणी काहीही कारण दिसत नसताना, ते पुन्हा रडू लागते. पुढे महिन्याभराने हाच प्रकार तिसऱ्यांदा घडतो. पहिल्या रडण्याने जीव कळवळतो, दुसऱ्या रडण्याचा मात्र राग येतो, कारण तोवर घरातल्या सगळ्यांची झोप पुरती उडालेली असते आणि ‘आता ते लाडावले आहे’ हा निष्कर्ष काढणे सोपे असते. पिल्लाला बाल्कनीत ठेवणे, दार लावून रडू देणे, दटावणे या चुका त्या निष्कर्षातूनच होतात आणि त्या निस्तरायला पुढे कित्येक महिने जातात.

अनुभवाने मला असे ठामपणे वाटू लागले आहे, की दुसरे रडणे हे पहिल्या रडण्याचा उरलेला भाग नसते. पहिले रडणे आई आणि भावंडे सुटल्याचे असते आणि ते सगळ्या पिल्लांचे जवळपास सारखेच असते. नंतरची रडणी मात्र त्या त्या घराची असतात. गेल्या दोन-तीन दिवसांत घरात, हवेत किंवा पिल्लाच्या शरीरात काय बदलले, हे शोधल्याशिवाय ती थांबत नाहीत. हा शोध घेण्यासाठी एक वही पुरते. पिल्लू किती वाजता रडले, किती वेळ रडले, उठवून नेल्यावर त्याने शू किंवा शी केली का, कशाने ते गप्प झाले आणि संध्याकाळी शेवटचे कधी व काय खाल्ले, एवढ्या पाच गोष्टी सलग तीन रात्री लिहून ठेवाव्यात. झोपमोड झालेल्या माणसाची आठवण भरवशाची नसते. ‘रात्रभर रडत होते’ असे ज्याविषयी सांगितले जाते, ते रडणे वहीत पाहिले तर बहुधा दोनच वेळा आणि ठरावीक घटकेला झालेले असते.

आधी आजार नाही ना, हे पाहावे

सवयींचा विचार करण्यापूर्वी शरीराचा विचार करावा, आणि त्याला एक ठोस कारण आहे. पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या पार्व्हो विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे जुन्या जागेतून निघताना लागण झालेले पिल्लू सुरुवातीचे काही दिवस ठणठणीत दिसते आणि नेमके पाचव्या-सहाव्या रात्री, रडणे परत येण्याच्या त्याच सुमारास, आजारी पडते. पिल्लू कण्हत असेल, खाणे नाकारत असेल, उलट्या करत असेल, त्याची शी पातळ, अतिशय उग्र वासाची किंवा रक्त मिसळलेली असेल, किंवा हाक मारल्यावर मान वर करण्याइतकीही उमेद त्याच्यात उरलेली नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. लसीकरण पूर्ण न झालेल्या लहान पिल्लाचे शरीर उलट्या-जुलाबांनी काही तासांतच कोरडे पडते आणि या आजारात गेलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे सुमारे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे अंग हाताला गरम लागले एवढ्यावरून ताप आहे असे ठरवू नये. तसेच थर्मामीटरवर 103 च्या वर आकडा गेला तर तो अंगावरही काढू नये. घरात माणसांसाठी ठेवलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक आहे. चिहुआहुआ किंवा पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या पिल्लाचे रात्रीचे जेवण चुकले, तर रक्तातील साखर उतरून ते थरथरू लागते, लटपटते. अशा वेळी त्याच्या हिरड्यांना थोडा मध चोळून लगेच दवाखान्यात न्यावे.

याशिवाय जंत, पिसवा आणि गोचीड ही रात्रीच्या अस्वस्थतेची अगदी सर्वसाधारण कारणे आहेत. जंत बाहेरून लागावेच लागतात असे नाही. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लाकडे येऊ शकतात, म्हणून स्वच्छ घरातल्या पिल्लालाही पशुवैद्याने ठरवून दिलेल्या अंतराने जंताचे औषध द्यावे लागते. गोचीड शोधताना पाठ कुरवाळून समाधान मानू नये. कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून पाहावे. पिल्लू दिवसाही दर पंधरा-वीस मिनिटांनी थेंब थेंब शू करत असेल, तर मूत्रमार्गाला संसर्ग झाला असण्याची शक्यता असते आणि त्यावर शिकवणीचा उपयोग होत नाही.

पहिले रडणे

आमची चिंगी गावठी आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुधा भाद्रपदाच्या आगेमागे माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी वितात, त्यामुळे गावठी पिल्ले बहुतेक करून कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि कोणी घरी आणलीच, तर ऐन थंडीत येतात. चिंगीही अशीच, पुण्यातील आमच्या इमारतीशेजारच्या बांधकामावर जन्मलेली, सुमारे नऊ आठवड्यांची असताना जानेवारीत आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. तिला आणण्याआधी दोन दिवस आम्ही जुन्या गोधडीचा एक तुकडा तिच्या आईच्या जागेवर टाकून ठेवला होता आणि तोच तिच्या पिंजऱ्यात घातला. आईचा आणि भावंडांचा वास असलेले असे एखादे कापड मिळवता आले, तर त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. ते आठवडाभर तरी धुऊ नये.

त्या वयापर्यंत पिल्लू एकही रात्र एकटे झोपलेले नसते. भावंडांच्या ढिगाऱ्यात, एकमेकांच्या ऊबेत आणि श्वासांच्या लयीत झोपणे हेच त्याला ठाऊक असते. एकटे पडलेले लहान पिल्लू निसर्गात जगत नाही, म्हणून एकटेपणी आईला हाक मारणे हे त्याचे रक्षण करणारे वर्तन आहे. त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील संशोधक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीवर अनेक वर्षे काम करून 1965 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाची नाती जुळण्याचा असतो. पिल्लू आपल्या घरी येते ते याच काळाच्या उत्तरार्धात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात त्याला रात्री जे अनुभव येतात त्यांचा ठसा पुढे टिकतो. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आणूच नये. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीविषयीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार तसे पिल्लू विकण्यास मनाई आहे. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ असे सांगून कोणी देऊ केले, तर नकार द्यावा, कारण दातांचा जोर किती लावायचा, कधी थांबायचे हे धडे ते आईकडून आणि भावंडांकडून त्याच दिवसांत घेत असते.

आम्ही चिंगीचा पिंजरा पलंगाला अगदी टेकवून ठेवला होता. ती कुरकुरली की मी काही न बोलता हात आत घालत असे. पहिल्या रात्री चारदा, दुसऱ्या रात्री तीनदा हात घालावा लागला आणि पाचव्या रात्री ती शूसाठी एकदाच उठली. पिल्लाला झोपण्याच्या खोलीत ठेवण्यास अनेक घरांत विरोध होतो आणि तो मी समजू शकतो; पण पिल्लाला पलंगावर घेणे आणि पलंगाशेजारी ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पलंगावर न घेण्याचा नियम पहिल्या रात्रीपासून पाळता येतो. पिल्लाला दुसऱ्या खोलीत एकटे ठेवण्याचा नियम मात्र पहिल्या आठवड्यात लादू नये.

रजा संपल्यानंतरचे रडणे

सहाव्या रात्री चिंगी पुन्हा रडू लागली आणि या वेळी हात घालूनही थांबेना. वहीत पाहिले तेव्हा लक्षात आले, की त्या एका दिवसात आम्ही तीन बदल एकदम केले होते. माझी रजा संपून मी कामावर गेलो होतो. दिवसभर घरी एकटी माझी आई असल्याने चिंगी प्रथमच बराच वेळ खोलीत एकटी होती. आणि ती आता शांत झोपते आहे, असे समजून त्याच रात्री आम्ही पिंजरा बाहेरच्या खोलीत हलवला होता. रडण्यामुळे तो मध्यरात्री परत आत आणला, तरी तोवर ती घाबरून गेली होती.

पुन्हा उद्भवणाऱ्या रडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण असावे, असे माझे मत आहे. पिल्लासाठी आठवडाभर रजा घेणे चांगलेच, परंतु त्या आठवड्यात त्याला क्षणभरही एकटे न सोडल्यास रजेनंतरचा पहिला दिवस त्याच्यासाठी दुसऱ्यांदा आई तुटल्यासारखा असतो. म्हणून एकटे राहण्याचा सराव रजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच, आणि दिवसाउजेडी, सुरू करावा. पिल्लू चघळण्यात गुंतलेले असताना खोलीबाहेर जाऊन दहा सेकंदांत परत यावे. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे असे वाढवत न्यावे. ते रडण्यापूर्वी परत यायचे, हे या सरावाचे मर्म आहे. ते रडू लागले, तर आपण वेळ फार लवकर वाढवली असे समजून मागच्या पायरीवर यावे. जाताना निरोप घेऊ नये आणि येताना कौतुकाचा सोहळा करू नये.

पिंजऱ्याची जागाही अशीच वीत-वीतभर हलवावी. आम्ही दुसऱ्या प्रयत्नात तो दर दोन रात्रींनी हातभर दूर नेला आणि पलंगापासून दारापर्यंत पोहोचायला जवळपास तीन आठवडे घेतले. ही गती फार मंद वाटेल, पण घाई करून आम्ही जेवढे दिवस गमावले होते, त्याहून हे कमीच होते.

दिवसाची झोपही इथेच तपासावी. लहान पिल्लू चोवीस तासांतील अठरा-वीस तास झोपते. संध्याकाळी मुले शाळेतून आणि मोठी माणसे कामावरून परतली, की सगळे मिळून त्याच्याशी रात्री दहापर्यंत खेळतात, आणि मग दिवा मालवून त्याने लगेच झोपावे अशी अपेक्षा करतात. अति दमलेले पिल्लू, अति दमलेल्या बाळाप्रमाणेच, झोपण्याऐवजी किरकिर करते, चावते आणि धावत सुटते. खेळणे साडेआठपर्यंत संपवून त्यानंतर चघळायला एखादी वस्तू, मंद उजेड आणि शेवटची शू एवढाच कार्यक्रम ठेवल्यावर आमच्याकडे झोपण्याच्या वेळेचे रडणे तीन दिवसांत थांबले.

रडण्याची वेळ काय सांगते

दिवा मालवल्यापासून अर्ध्या तासातले रडणे बहुधा एकटेपणाचे, अंतराचे किंवा वर सांगितलेल्या अति दमणुकीचे असते. झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी अचानक सुरू होणारे आणि वाढत जाणारे रडणे जवळजवळ नेहमीच शूसाठी असते. पिल्लू जेवढ्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते शू रोखू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. त्यामुळे साडेदहाला झोपलेले पिल्लू दीडला उठले, तर त्यात बिघाड काहीच नाही. उलट झोपण्याची जागा न भिजवता ते आपल्याला बोलावते आहे आणि ही सवय जपण्यासारखी आहे.

या वेळी कसे वागावे, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मोठा दिवा लावू नये, बोलू नये, खेळू नये. पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्यावे, पाच मिनिटे थांबावे, शू झाल्यावर हळू आवाजात एकदा शाबासकी द्यावी आणि परत ठेवावे. शू न करता ते खेळू लागले, तर तसेच परत आणावे. पिल्लाच्या दीड वाजताच्या हाकेचा अर्थ ‘शूसाठी बाहेर’ एवढाच राहिला पाहिजे. त्याला एकदा खाऊ, मांडी किंवा खेळ जोडला गेला, की शूची गरज संपल्यावरही हाक उरते. आमच्या घरी हे नकळत घडले होते. आई मायेपोटी त्या वेळी चिंगीला वाटीभर कोमट दूध देत असे. बहुतेक कुत्र्यांना दूध पिण्याचे वय सरल्यावर दुधातील साखर नीट पचवता येत नाही. त्यामुळे पहाटे पोट बिघडून ती पुन्हा उठायची, आणि दुधासाठी जागे होण्याची सवय लागली ती वेगळीच. आईला हे नीट समजावून सांगितल्यावर तिने दूध बंद केले आणि संध्याकाळी सातला चिंगीला तिच्या खाण्याबरोबर मऊ भात आणि बिनमिठाचे उकडलेले चिकन द्यायला सुरुवात केली. घरातल्या ज्येष्ठ माणसाला एखादी गोष्ट करू नका म्हणण्यापेक्षा दुसरे काही करायला सोपवणे, हे मला तेव्हा अधिक बरे वाटले.

सदनिकेत राहणाऱ्यांपुढे रात्री शूसाठी कुठे न्यावे, हा खरा प्रश्न असतो. लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी पुढे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते, आणि पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. म्हणून भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या इमारतीखालच्या जमिनीवर पिल्लाला या काळात सोडू नये. बाल्कनीत किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र पसरलेला एक पसरट ट्रे ठेवावा आणि जागा बदलू नये. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचे डोके जाते का, हे आधी पाहून खालचा भाग जाळीने बंद करावा. दिवसा मात्र पिल्लाला घरात कोंडून ठेवू नये. त्याला कडेवर घेऊन रिक्षांचे आवाज, लहान मुले, छत्र्या, शिट्ट्या हे सगळे दाखवावे. नाती जुळण्याचा काळ लसींसाठी थांबत नाही आणि कडेवरच्या पिल्लाला जमिनीवरचा विषाणू लागण्याचा धोका बराच कमी असतो.

काही वेळा वेळ ठरावीक नसते. एका रात्री बारा, दुसऱ्या रात्री अडीच. अशा नोंदी दिसल्या तर बाहेरच्या आवाजांकडे लक्ष द्यावे. आमच्या ओळखीच्या एका घरी लॅब्राडोरचे पिल्लू महिनाभर छान झोपल्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर अधूनमधून रडू लागले. वीज गेली की पंखा बंद पडत असे आणि पंख्याच्या घरघरीखाली आजवर झाकलेले रस्त्यावरच्या कुत्र्यांचे भुंकणे आणि वॉचमनने काठी आपटल्याचा आवाज त्याला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येत असे. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉइंटवर एक लहान टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावल्यावर ते रडणे थांबले. डासांचाही विचार याच ठिकाणी करावा; पिल्लाच्या पोटावर आणि कानांच्या आतल्या बाजूस केस कमी असल्याने तिथे डास चावतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकावी, परंतु कॉइल त्याच्याजवळ जाळू नये.

पहाटे चारचे रडणे

चिंगीच्या दुसऱ्या फेरीतले रडणे मिटले आणि आठ-दहा दिवसांनी तिसरी फेरी सुरू झाली. या वेळी वहीत तीनही रात्री पावणेचार ते सव्वाचार हीच वेळ होती. ट्रेवर नेल्यावर शू अगदी थोडी, पोट व्यवस्थित, आणि मांडीवर घेताच झोप. हे पाहून कोणालाही लाडावल्याचा संशय येईल आणि मलाही तो आला होता. मात्र मांडीवर घेतल्यावर तिचे पंजे बर्फासारखे लागत होते. त्या आठवड्यात पुण्यात थंडी वाढून पारा 10 अंशांखाली उतरला होता. पिंजऱ्याखाली उघडी फरशी होती. आणि झोपताना फडक्यात गुंडाळून ठेवलेली गरम पाण्याची पिशवी पहाटेपर्यंत पार निवून तिच्या अंगाला उलट गार लागत होती. पिंजरा पलंगाजवळ असताना माझ्या हाताची जी ऊब मिळत होती, तीही तो दूर नेल्यावर गेली होती. जे पिल्लू आम्हाला हट्टी वाटत होते, ते गारठलेले होते.

पिंजऱ्याखाली दोन लाकडी पाट ठेवले, त्यांवर दुहेरी गोणपाट, आत जाड गोधडी, आणि वरून तीन बाजूंनी जुनी चादर टाकली. समोरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवली. पिशवी ठेवण्याचे बंद केले. त्या रात्री चिंगी सहापर्यंत झोपली. अंगावर पांघरूण घालून फारसा उपयोग होत नाही, कारण पिल्लू ते लाथाडते. थंडी फरशीतून वर चढते आणि ती खालूनच अडवावी लागते. विजेवर गरम होणाऱ्या पिशव्या पिल्लाजवळ ठेवू नयेत, कारण ते वायर चावते. उन्हाळ्यात याच्या नेमके उलट घडते: पिल्लू गोधडी सोडून फरशी शोधते आणि पिंजऱ्यात फरशीच उरलेली नसेल तर धापा टाकत रडते. एप्रिल-मे महिन्यांत पिंजऱ्याचा अर्धा भाग अंथरुणाविना ठेवावा, म्हणजे त्याला हवे तिथे सरकता येते.

पहाटेच्या रडण्याचे दुसरे कारण भूक असते. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते, आणि रात्रीचे जेवण सहाला उरकलेले असेल, तर पहाटे चारपर्यंत दहा तास होतात. जेवण तासाभराने पुढे ढकलून दोन रात्री पाहावे. पाणी मात्र बंद करू नये. झोपण्यापूर्वी तास-दीड तास फार पिऊ न देणे एवढे पुरते, आणि उन्हाळ्यात तेवढेही करू नये.

रडू द्यावे का

‘दोन रात्री रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. माझा त्याला विरोध आहे. पिल्लू कधीतरी गप्प होते हे खरे, परंतु गप्प झालेले पिल्लू शांत झालेले असतेच असे नाही; हाकेला उत्तर येत नाही हे त्याने स्वीकारलेले असू शकते. शिवाय प्रत्यक्षात कोणालाही चाळीस मिनिटांचे रडणे ऐकवत नाही, आणि आपण एकेचाळिसाव्या मिनिटाला उठून जातो. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की चाळीस मिनिटे नेटाने रडल्यावर माणूस येतो. कधी येणे आणि कधी न येणे या अनिश्चिततेने रडण्याची सवय जितकी घट्ट होते, तितकी ती नेहमी जाण्याने होत नाही.

तरीही प्रत्येक कुरकुरीला उठण्याची गरज नसते. झोपेत कूस बदलताना किंवा स्वप्नात पिल्लू बारीक आवाज काढते, पाय झाडते, आणि मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा शांत होते. त्याला तेव्हा उचलले, तर आपणच त्याला जागे करतो. आवाज चढत असेल, त्याबरोबर पिंजरा ओरबाडणे किंवा गोल फिरणे असेल, तर लगेच जावे. या दोन आवाजांतला फरक चार-पाच रात्रींत कानाला कळू लागतो. दटावणे, पिंजऱ्यावर हात आपटणे, तोंडावर पाणी मारणे यांतले काहीही करू नये. भीतीने रडणाऱ्या जीवाला आणखी घाबरवून त्याची भीती जाणार नाही.

शेजाऱ्यांची झोप हाही विचारात घेण्याचा भाग आहे. पिल्लू आणण्याच्या आधीच वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन ‘पंधरा-वीस दिवस थोडा त्रास होईल, फार झाला तर रात्री फोन करा’ असे सांगून यावे. गृहनिर्माण संस्थेने पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्याच सूचनांत रात्रीच्या वेळी कुत्रा शांत राहील यासाठी पालकांनी प्रयत्न करावेत, असेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये लक्षात ठेवावीत.

दातांचे दिवस

साधारण चौथ्या महिन्यात पिल्लाचे 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात आधी उत्तम झोपणारी पिल्लेही रात्री उठून पिंजऱ्याचे गज चावतात, लाळ गाळतात, कुरकुरतात. अंथरुणावर रक्ताचा बारीक ठिपका किंवा तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, तर घाबरू नये. ओले करून पीळ दिलेले सुती फडके फ्रीझरमध्ये कडक करून झोपण्यापूर्वी आपल्यासमोर पंधरा मिनिटे चघळायला द्यावे. चिंगीला त्याने बराच आराम पडत असे. हाड देऊ नये. खालचा किंवा वरचा जुना सुळा जागेवर असतानाच शेजारून नवा सुळा वर आलेला दिसला, तर तो पशुवैद्याला दाखवावा, विशेषतः लहान चणीच्या जातींमध्ये.

वर सांगितलेले सर्व पाहूनही आठ-दहा रात्रींत रडणे कमी झाले नाही, किंवा दिवसाही पिल्लू एकटे पडताच लाळ गाळत, धापा टाकत, दार ओरबाडत असेल, तर वही घेऊन पशुवैद्याकडे जावे. जाण्यापूर्वी एका रात्री मोबाईल पिंजऱ्यासमोर उभा करून, रडणे सुरू होण्याच्या आधीपासूनचे चित्रीकरण आवाजासह करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर पिल्लू एकतर भीतीने गप्प बसते किंवा डॉक्टरांचे हात चाटत बसते, आणि रात्रीचे त्याचे वागणे तिथे कोणालाच दिसत नाही. रडण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत ते काय करते, पोट चाटते का, कान खाजवते का, दाराकडे पाहते का, पाठ वाकवून उभे राहते का, हे त्या चित्रीकरणात डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.